मुलूख वहाणेचा

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत मराठीत फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. पहिलं काम बाराव्या दिवशी उरकतं. दुसरं तेराव्यापासून सुरू होऊन जन्मभर चालू राहतं. पण जगात काही नावं अशी आहेत, की त्यांच्या बाबतीत ही दोन्ही कामं एकाच मुहूर्तावर झालेली असतात.

आपल्या पूर्वजांचंच पाहा. समुद्रापलीकडून फिरंगी आले, डच आले, इंग्रज आले. बरोबर तोफा आणल्या, वखारी घातल्या, पुढेमागे राज्य घेण्याचा बेत खिशात ठेवला. आपल्या लोकांनी या सगळ्या मंडळींना एकच नाव दिलं : टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हे लोक टोपीकर म्हणूनच येतात. तोफा राहिल्या बाजूला, आरमार राहिलं बाजूला. नावात उरली ती डोक्यावरची टोपी. अनोळखी माणूस समोर आला की आपली नजर आधी कुठे जाते, त्यावर त्याचं नाव ठरतं. आपली नजर डोक्यावर गेली. रोमकरांची पायांवर गेली.

रोमच्या आग्नेयेला साधारण ८० किलोमीटरवर फ्रोझिनोने नावाचं गाव आहे. गाव कसलं, जिल्ह्याचं ठाणं आहे. त्याच्या आसपासच्या डोंगरदऱ्यांना म्हणतात चोचारिया, आणि तिथल्या माणसाला चोचारो. बाई असली तर चोचारा. आणि पुष्कळ बाप्ये जमले तर चोचारी! म्हणजे मराठी कानाला जी एखादी ठसकेबाज बाई वाटेल, तो तिकडे आख्खा पुरुषांचा घोळका असतो. यातला 'च' मात्र 'चहा'तला म्हणायचा, 'चोची'तला नव्हे. एवढं पथ्य पाळलं की इटालियन भाषा निम्मी आली म्हणायला हरकत नाही.

आता हे नाव आलं कुठून? तर वहाणेवरून. त्या भागातले शेतकरी, धनगर, मजूर पायात जी वहाण घालत तिला म्हणत चोचा. एका पायात चोचा, दोन्ही पायांत चोचे. वहाण म्हणजे काय, जनावराच्या कातड्याचा एक आयताकृती तुकडा. तो भिजवून मऊ करायचा, कडांना भोकं पाडायची, त्यांतून वादी ओवायची आणि आवळायची. की तो तुकडा पावलाभोवती होडीसारखा वळतो आणि त्याचं पुढचं टोक वर उचललं जातं. घालण्यापूर्वी पायाला पांढरं फडकं गुंडाळायचं आणि मग त्यावरून वादीचे विळखे घेत घेत पार पोटरीच्या वरपर्यंत जायचं. टाच नाही, खिळा नाही. बांधायला वेळ लागतो, पण एकदा बांधली की डोंगर चढा, उतरा, मेंढरामागे धावा, निसटण्याची बिशाद नाही.

त्या वर उचललेल्या टोकाकडे पाहिलं की ते थेट चोचीसारखं दिसतं. इथे कुणाही मराठी माणसाच्या अंगात व्युत्पत्तीचं वारं शिरणार. चोच, चोचा, पायांचे चोचले! आपल्याकडे असे हौशी व्युत्पत्तिकार घरटी एक असतात. ते दुपारच्या चहापर्यंत लंडनला 'नंदन' करतात आणि रात्रीच्या जेवणापर्यंत अमेरिकेला 'अमरका'. त्यांच्यासाठी सांगून ठेवतो की हा निव्वळ योगायोग आहे. चोचा हा शब्द त्या डोंगरांतला. त्याला जो 'आरो' लागला तो लॅटिनमधल्या 'आरिउस' या प्रत्ययाचा मध्य आणि दक्षिण इटलीतला वंशज. शिष्ट इटालियनमध्ये त्याचाच 'आयो' होतो. काम मात्र आपल्या 'वाला'सारखं. दूधवाला, भाजीवाला, तसा हा वहाणवाला. आणि वहाणवाल्यांचा मुलूख तो चोचारिया.

विधात्याचा विनोद पाहा. ज्या देशाचा नकाशाच मुळी बुटाच्या आकाराचा, त्या देशात बरोबर बुटाच्या नडगीवर वहाणवाले राहतात.

पण एक शंका इथे घ्यायला हवी. अशी वहाण काही जगात चोचारोंनीच घातली नाही. शेजारच्या आब्रुत्सोच्या डोंगरांत ती होती. समुद्र ओलांडून पलीकडे सर्बियाबिर्बियाकडे गेलात तर तिथेही कातडी वळवून, वाद्या बांधून केलेल्या तशाच वहाणा. मग वहाणवाले हे नाव यांनाच का चिकटलं?

चिकटलं, कारण रोम जवळ होतं. वहाण सगळीकडे होती; ती पाहून नाक मुरडायला जे शहर लागतं, ते यांच्या उशाशी होतं.

त्या काळी रोमच्या भोवतीचा सपाट मुलूख म्हणजे मोठ्या जमीनदारांची शेतं आणि हिवतापाचं माहेरघर. तिथे कायमचं राहायला कुणी धजत नसे. पण शेत म्हटलं की कापणी आली आणि कापणी म्हटली की माणसं आली. ती डोंगरातून येत. हंगामापुरती उतरायची, कापणी करायची, मजुरीबरोबर थोडा हिवतापही पदरात घ्यायचा आणि परत डोंगर चढायचा. नाताळच्या आधी आणखी काही जण येत. ते धनगर. बगलेत मेंढीच्या कातड्याची मशक लावलेलं 'झाम्पोन्या' नावाचं वाद्य घेऊन ते रोमच्या गल्ल्यांतून मेरीमातेच्या कोनाड्यांपुढे वाजवत फिरत. आपल्याकडे भल्या सकाळी वासुदेव यावा तसे. वासुदेवाची टोपी लक्षात राहते, यांच्या वहाणा राहिल्या.

आणि तिसरे होते ते सर्वांत मजेदार. हे लोक काहीही न करण्याचे पैसे घेत. एकोणिसाव्या शतकात युरोपभरचे चित्रकार रोमला येऊन पडलेले. त्यांना चित्रात बसवायला माणसं लागत. डोंगरातली कुटुंबंच्या कुटुंबं मग आपला ठेवणीतला पोशाख करून, पायांत चोचे बांधून, स्पॅनिश पायऱ्यांवर येऊन बसत. चार्ल्स डिकन्स १८४५ साली रोमला होता. त्याला या पायऱ्यांवरचे चेहरे ओळखीचे वाटायला लागले. कधी न भेटलेली माणसं ओळखीची कशी, म्हणून तो बुचकळ्यात पडला. मग लक्षात आलं, की यांना आपण लंडनच्या प्रदर्शनांत भिंतींवर वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत! पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ऋषी म्हणून ठरलेला, एक जण आळसावलेला म्हणून, एक खुनी दरोडेखोर म्हणून, आणि एक आख्खं कुटुंब पवित्र कुटुंब म्हणून. संध्याकाळी ऋषी आणि दरोडेखोर एकाच वाटेने घरी जात असणार. रोमच्या पूर्वेच्या डोंगरातलं आंतिकोली कोर्रादो हे गाव तर अशा बसणाऱ्यांचं गाव म्हणूनच नावारूपाला आलं.

म्हणजे गंमत अशी, की युरोपच्या दिवाणखान्यांत चोचारा भिंतीवर मेरीमाता होऊन लटकत होती, आणि रोमच्या बाजारात तोच शब्द शिवीच्या जवळपास वावरत होता. शहरी रोमकराच्या तोंडी चोचारो म्हणजे गावठी, अडाणी, धसमुसळा. आपल्याकडे मुंबईकर घाटावरच्या माणसाला 'घाटी' म्हणतो ना, अगदी तोच स्वर. घाट ही काही वाईट वस्तू नाही, वहाणही नाही. वाईटपणा शब्दात नसतोच. तो म्हणताना नाकाच्या शेंड्यापाशी तयार होतो.

रोमची ही खोड जुनी आहे, थेट वहाणेच्या नावापूर्वीची. या मुलखात आर्पिनो नावाचं गाव आहे, जुनं नाव अर्पिनुम. इसवी सनापूर्वी १०६ साली तिथे एक मुलगा जन्माला आला. घराण्याचं नाव हरभऱ्यावरून पडलेलं. हा मुलगा म्हणजे सिसेरो. वक्तृत्वाच्या जोरावर तो रोमचा कॉन्सल झाला. इसवी सनापूर्वी ६३ मध्ये त्याने भर सभेत कातिलिनाचा कट उघडा पाडला, तेव्हा खानदानी कातिलिनाने त्याला काय म्हणावं? सॅलस्ट हा इतिहासकार लिहून ठेवतो, की त्याने सिसेरोला रोममधला भाडेकरू म्हटलं. राज्य उलथवायला निघालेला माणूस ऐन वेळी आठवण कशाची काढतो, तर समोरचा मूळचा कुठला याची! चाळीतल्या भांडणात शेवटी 'तुम्ही भाडेकरू, आम्ही मालक' निघतं, तसंच हे. सिसेरोने पुढे आपल्या एका ग्रंथात, याच आर्पिनोच्या नदीकाठी गप्पा मारतोय असं कल्पून, सांगून टाकलं की आमच्यासारख्या गाववाल्यांना दोन मायभूमी असतात. एक जन्माची, एक नागरिकत्वाची. मुंबईला चाळीस वर्षं नोकरी करून गणपतीला गावी जाणाऱ्या कुणाही कोकणी माणसाला हे सांगण्यासाठी सिसेरोची गरज नाही. पण सिसेरोचीही आपल्याला साक्ष आहे हे माहीत असलेलं बरं.

आता या शब्दाचा नकाशा पाहू. शतकानुशतकं या मुलखातून एक सरहद्द जात होती. अलीकडे पोपचं राज्य, पलीकडे नेपल्सच्या राजाचं. फ्रोझिनोने पोपकडे, आर्पिनो, सोरा, कासिनो ही गावं नेपल्सकडे. चोचारो हे नाव मुख्यतः पोपच्या बाजूचं. नेपल्सकडच्यांच्या मुलखाचं नाव तेर्रा दी लावोरो. इटली एक झाली तरी ही माणसं कॅसेर्टा जिल्ह्यातच राहिली. मग १९२७ च्या जानेवारीत मुसोलिनीच्या सरकारने कात्री घेतली. कॅसेर्टा जिल्हा रद्द केला, फ्रोझिनोनेचा नवा जिल्हा केला आणि ही गावं त्यात घातली. नवा जिल्हा म्हटला की त्याला काहीतरी तोंडात बसणारं नाव हवं. कार्यालयात टांगायच्या नकाशापासून लोकनृत्याच्या पोशाखापर्यंत सगळीकडे मग चोचारिया सुरू झालं. कालपर्यंत रोमकरांनी ज्याला नावं ठेवली, तेच आता सरकारने नाव म्हणून ठेवलं. सोरा-कासिनोची माणसं रात्री झोपली ती नेपल्सकडची म्हणून आणि सकाळी उठली ती वहाणवाली होऊन. पायात तोवर बूट आले होते, ही गोष्ट निराळी.

यावरून तिकडे अजून वाद आहे. खरी चोचारिया कुठवर? लिरी नदीच्या अलीकडेच की पलीकडेही? शेजारच्या लातिना जिल्ह्यातले डोंगर तिच्यात धरायचे की नाही? सोऱ्याच्या माणसाला चोचारो म्हणालात तर तो हात जोडील की हात उगारील, हे त्याच्या आजोबांवर अवलंबून आहे. सोऱ्यात १९०१ साली जन्मलेले एक गृहस्थ नेपल्सच्या वळणात वाढले आणि जगाने त्यांना नेपल्सचेच मानलं. त्यांचं नाव व्हित्तोरियो दे सिका. आणि नियतीने काम दिलं कुणाला, तर यांनाच. 'ला चोचारा' नावाचा चित्रपट त्यांनी काढला.

इथवर हसत आलो. आता थोडं हळू चालायला हवं.

१९४४ च्या पहिल्या पाच महिन्यांत कासिनोपाशी महायुद्धातल्या मोठ्या लढायांपैकी एक झाली. डोंगरावरचा जुना मठ १५ फेब्रुवारीला बाँबफेकीत धुळीला मिळाला आणि १८ मे रोजी त्या ढिगाऱ्यावर पोलिश सैनिकांनी निशाण लावलं. याच लिरीच्या खोऱ्यात आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर मराठा पलटणीची पहिली बटालियन होती. इटलीच्या या युद्धात यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणींच्या दोन जवानांनी पुढे उत्तरेत जाऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडग्यांना तो मरणोत्तर मिळाला. म्हणजे हा मुलूख मराठी पायांनीही तुडवलेला आहे.

त्याच मे महिन्यात जर्मनांची फळी फोडून फ्रेंच सैन्य या डोंगरांतून पुढे सरकलं. त्यातल्या मोरोक्कोत भरती केलेल्या तुकड्यांतल्या सैनिकांनी गावागावांत बायकांवर अत्याचार केले. म्हाताऱ्या पाहिल्या नाहीत, पोरी पाहिल्या नाहीत. ज्या मुक्तीची वाट पाहत लोक डोंगरात लपले होते, ती अशी आली. आणि मग नाव ठेवण्याचं काम इथेही झालंच. त्या बायकांसाठी इटालियनमध्ये एक शब्द पडला : मारोक्किनाते. व्याकरणाने पाहिलं तर तो कृत्य करणाऱ्याला लागत नाही, जिच्यावर ते झालं तिला लागतो. ज्यांनी केलं ते पुढे निघून गेले; त्यांच्या देशातली सगळी निरपराध माणसं त्या शब्दात अडकली, आणि ज्यांचा काहीच दोष नव्हता त्या बायका त्या शब्दाखाली वाकल्या. गावात पाण्याला जाताना मागून हा शब्द ऐकू येणं म्हणजे काय, ते कल्पनेनेच ओळखावं.

आल्बेर्तो मोराव्हिया हा लेखक आणि त्याची पत्नी एल्सा मोरान्ते, हीही लेखिकाच, हे दोघे त्या युद्धकाळात फोंदीजवळच्या डोंगरात काही महिने लपून होते. मोराव्हियाने १९५७ साली त्यावर कादंबरी लिहिली. रोमला दुकान चालवणारी, मूळची चोचारियाची एक विधवा, चेझिरा. बाँबच्या भीतीने ती आपल्या पोरीला घेऊन गावाकडच्या डोंगरांत पळते. युद्ध संपलं असं वाटत असतानाच, एका पडक्या चर्चमध्ये, मायलेकींवर तेच संकट येतं. मोराव्हियाने या पुस्तकाला नाव देताना तो दुसरा शब्द वापरला नाही. त्याने नाव दिलं 'ला चोचारा'. वहाणवाली. रोमकरांनी जिला अडाणी म्हणून हिणवलं, तीच आता त्या सगळ्या बायकांच्या वतीने बोलायला उभी राहिली. हिणवण्यासाठी केलेला शब्द एखाद्याच्या दुःखावर पांघरूण म्हणून उपयोगी पडावा, असं क्वचित होतं. तिथे ते झालं.

दे सिकांचा चित्रपट आला १९६० साली. सोफिया लॉरेन चेझिरा झाली. ती नेपल्सजवळच्या पोत्सुओलीत वाढलेली. पण गावाकडची बाई कशी चालते आणि डोक्यावर ओझं घेऊन मान कशी सरळ ठेवते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. १९६२ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत काम करून अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली. पण ज्या शब्दावर हा सगळा डोलारा उभा, तो इंग्रजीत गेला नाही. इंग्रजीत नाव झालं 'टू विमेन', दोन बायका. जणू जनगणनेचा अहवाल! फ्रान्समध्ये तर 'अनवाणी शेतकरीण' अशा अर्थाचं नाव वापरलं गेलं. जिचं नावच मुळी वहाणेवरून, तिला फ्रेंचांनी अनवाणी केलं. भाषांतरात काहीतरी हरवतं म्हणतात. इथे तर वहाणाच गेल्या, आणि त्याही देवळाबाहेरून जाव्यात तशा.

त्या मुलखाने मात्र नाव सोडलं नाही. कास्त्रो देई व्होल्शी या गावात १९६४ साली 'चोचारा आई'चं स्मारक उभं राहिलं. त्याच गावचा निनो मान्फ्रेदी हा नट १९५९ मध्ये दूरदर्शनवर चेक्कानो गावचा एक चहाकॉफीवाला होऊन आला. आपल्या मातीतले उच्चार त्याने जसेच्या तसे वापरले आणि साऱ्या इटलीला हसवलं. आधी लोक चोचारोला हसत होते, आता चोचारोबरोबर हसायला लागले. ऐकायला हा फरक लहान, पण ज्याला हसतात त्याला विचारा. आज फ्रोझिनोनेचा फुटबॉलचा संघ जिंकला की वर्तमानपत्रं 'चोचारी जिंकले' म्हणून छापतात आणि गल्लीत फटाके वाजतात. खेळाडूंच्या पायांत अर्थातच परदेशी बनावटीचे बूट असतात.

आपल्याकडे बरोबर याच्या उलट घडलं आहे. तिकडे वहाणेचं नाव मुलखाला मिळालं, इकडे मुलखाचं नाव वहाणेला. कोल्हापुरी म्हटलं की आधी पायात करकर वाजतं, मग शाहू महाराज आणि रंकाळा आठवतो. आणि योगायोग असा, की या दोन वहाणांची गाठ इटलीतच पडायची होती. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा कंपनीने आपल्या नव्या पोशाखांचं प्रदर्शन केलं. त्यात पुरुषांच्या पायांत ज्या चपला होत्या त्या कुणाही कोल्हापूरकराने झोपेत ओळखल्या असत्या. फक्त नाव नव्हतं. चामड्याच्या चपला, एवढंच. महाराष्ट्रात ओरड झाली. २०१९ पासून या वहाणेला कायद्याने आपल्या भागाचं नाव राखून मिळालेलं आहे. तेव्हा कुठे कंपनीने मूळ प्रेरणा कुठली ते कबूल केलं. चपलांच्या किमतीवर लोक हसले, पण चिडले ते नाव गेलं म्हणून. वहाण नेली तर नेली, तिचं नाव कुठे ठेवलंत, असा तो प्रश्न होता. हे दुःख मिलानला कळलं नसेल, पण फ्रोझिनोनेला नक्की कळलं असतं.

'पायातली वहाण पायातच बरी' अशी म्हण आपल्याकडे वडीलधाऱ्या तोंडातून फार ऐकू येते. कुणाला डोक्यावर बसवू नये, ज्याची त्याची पायरी ज्याने त्याने ओळखावी, असा तिचा भावार्थ. रोमकरांनाही ती बरीच पटली असती. चोचारोंनी मात्र वहाण पायातून काढून कपाळावर लावली, जिल्ह्याच्या नकाशावर लावली, आयांच्या स्मारकावर कोरली, आणि तिचं काही बिघडलं नाही. ही म्हण ज्याने पहिल्यांदा केली त्याच्या पायात तेव्हा काय होतं, याचा एकदा शोध लागायला हवा. माझा अंदाज आहे, बूट असणार.